भिंतीतल्या कपाटात रिसीव्हर मधेच बंद पडतो? आधी दार उघडून बघा

सिनेमा ऐन रंगात येतो आणि आवाज जातो. पडद्यावर चित्र असतं किंवा तेही नसतं, आणि कपाटाच्या दाराआड रिसीव्हरचा, म्हणजे आवाज स्पीकरांना आणि चित्र टीव्हीला पोचवणाऱ्या पेटीचा, लाल दिवा लुकलुकत असतो. दहा मिनिटं थांबून बटण दाबलं की सगळं पुन्हा सुरळीत. पंधरा मिनिटांनी येरे माझ्या मागल्या.

भिंतीत कोनाडा काढून बसवलेल्या होम थिएटरच्या कपाटांत हा बिघाड मी इतक्या वेळा काढलाय, की आता फोनवर पहिलं वाक्य ऐकलं की पुढचं मीच सांगतो. बहुतेक वेळा रिसीव्हर निर्दोष असतो. कपाटही चांगलं बांधलेलं असतं. किंबहुना जितकं सुबक आणि घट्ट बंद होणारं, तितका त्रास जास्त. सुताराला आपण ‘कुठे फट दिसता कामा नये’ असं बजावतो आणि तो इमानेइतबारे हवेच्या सगळ्या वाटा बुजवून देतो. मग रिसीव्हर दुरुस्तीला जातो. तिथे तो उघड्या टेबलावर दोन दिवस बिनतक्रार चालतो आणि ‘दोष आढळला नाही’ अशी चिठ्ठी घेऊन परत येतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

खालच्या तपासण्या मी ज्या क्रमाने करतो त्याच क्रमाने लिहिल्या आहेत. आधी फुकटच्या, मग किरकोळ खर्चाच्या, शेवटी करवत लागणाऱ्या. मधल्या गाळून थेट पंखा विकत आणू नका. मी एकदा आणला होता, त्याची गोष्ट पुढे येईल.

लक्षणं

उष्णतेच्या बिघाडाला वेळेचं गणित असतं. थंड कपाटात सुरू केलेला रिसीव्हर पाऊण ते दीड तास चालतो आणि बंद पडतो. लगेच पुन्हा लावला तर दहा-पंधरा मिनिटांतच पडतो, कारण आता आतली हवा, फळ्या, मागची भिंत सगळंच तापलेलं असतं. तिसऱ्यांदा आणखी लवकर. हे अंतर असं आटत गेलं तर संशय उष्णतेवर घ्यावा.

याउलट बटण दाबल्यावर दोन-चार सेकंदांत बंद पडत असेल, किंवा आवाज वाढवलेला असताना पडद्यावर स्फोट झाला की नेमका त्याच क्षणी पडत असेल, तर उष्णतेच्या मागे लागू नका. तिथे स्पीकरच्या वायरी बघायच्या असतात, त्याबद्दल चौथ्या तपासणीत.

बाकीची लक्षणं जोडीने येतात. चित्र क्षणभर काळं होऊन परत येतं. पहिल्या अर्ध्या तासात हे कधीच होत नाही, नंतर वाढत जातं. स्ट्रीमिंगची डबी अडखळते. गेमिंग कन्सोलचा पंखा घोंघावायला लागतो. दाराला बाहेरून हात लावला तर वरचा भाग कोमट आणि खालचा गार लागतो. दार उघडल्यावर गरम हवेचा झोत तोंडावर येतो आणि सोबत वॉर्निशचा किंवा प्लायमधल्या गोंदाचा वास.

एक लक्षण मात्र फसवं असतं, ते म्हणजे ‘कधीकधीच होतं’. एका घरी तक्रार अशी होती की चार लोक सिनेमा बघायला आले की हमखास बंद पडतो, एरवी महिनाभर काही नाही. उलगडा झाला तेव्हा सगळेच हसले. लाकडी दाराआडून रिमोट चालत नाही, म्हणून ती मंडळी रोज दार किलकिलं ठेवायची. लोक येणार असले की वायरींचा पसारा दिसू नये म्हणून दार बंद. रिसीव्हरला माणसांचं वावडं नव्हतं, बंद दाराचं होतं. तुमच्याकडेही बिघाड लहरी वाटत असेल तर आधी त्या-त्या दिवशी दार कसं होतं ते आठवा.

१. दार सताड उघडं ठेवा

जो सिनेमा बघताना बंद पडला तोच लावा, आवाज तितकाच ठेवा, फक्त कपाटाचं दार पूर्ण उघडं. दोन तास चालू द्या.

ही तपासणी पहिली, कारण ती फुकट आहे आणि एका झटक्यात निम्मे प्रश्न बाद करते. दोन तास विनाखंड चालला तर यंत्र ठीक आहे आणि दोष कपाटाच्या श्वासाचा आहे. मग पुढचा सगळा लेख तुमच्यासाठी. दार उघडं असूनही तितक्याच वेळात बंद पडला तर दुसरी, तिसरी आणि चौथी तपासणी करा. तरीही फरक पडला नाही तर थेट ‘इथे थांबा, जाणकाराला बोलवा’ या भागाकडे जा. कपाटाला करवत लावण्यात अर्थ नाही.

दार अर्धवट उघडून ही चाचणी करू नका. चार बोटं फटीनेही बराच फरक पडतो आणि निकाल ना धड इकडचा, ना तिकडचा.

२. सकाळी हात लावून बघा

रात्री सगळं बंद करून झोपा. सकाळी, काहीही सुरू न करता, रिसीव्हरच्या झाकणावर तळहात ठेवा. कोमट लागलं तर तो रात्रभर अर्धवट जागा होता.

आजकालचे रिसीव्हर ‘बंद’ असतानाही बरंच काही करत असतात. एचडीएमआय पास-थ्रू म्हणजे रिसीव्हर बंद असला तरी चित्र टीव्हीपर्यंत पोचवत राहणं, नेटवर्क स्टँडबाय म्हणजे फोनवरून हाक मारली की उठणं, शिवाय झटपट सुरू होण्याची सोय. कन्सोललाही अशीच सोय असते. घट्ट बंद कपाटात ही थोडीथोडकी ऊब साठत जाते आणि संध्याकाळी सिनेमा लावण्याआधीच आतलं तापमान खोलीपेक्षा चार-पाच अंश वर असतं. म्हणजे शर्यत सुरू होण्यापूर्वीच तुम्ही दमलेले.

सेटिंगमध्ये जाऊन हे पर्याय एकेक करून बंद करा. पास-थ्रू बंद केल्यावर बातम्या बघायलाही रिसीव्हर चालू करावा लागतो, हे घरातल्यांना आधी सांगा. नाहीतर बिघाड सुधारल्याच्या दुसऱ्याच दिवशी ‘टीव्ही बिघडला’ म्हणून बोलावणं येतं.

३. कोणाच्या डोक्यावर कोण बसलंय

रिसीव्हरच्या झाकणावर जाळी असते, कारण आतल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पंखपट्ट्या, म्हणजे हीटसिंक, तिथूनच श्वास सोडतात. त्या जाळीवर सेट-टॉप बॉक्स ठेवायचा मोह प्रत्येकाला होतो, बरोब्बर मावतो ना! त्याच्या रबरी पायांमुळे जेमतेम अर्धा सेंटीमीटर फट राहते. खालचा वरच्याला भाजतो, वरचा खालच्याचं नाक दाबतो. वर किती जागा मोकळी हवी ते रिसीव्हरच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं, तो आकडा बघा. मी १० सेंटीमीटरच्या खाली जात नाही.

मग क्रम. सगळ्यात तापणारं यंत्र सगळ्यात वरच्या फळीवर, हा माझा आग्रह. लोक म्हणतात जड वस्तू खाली हवी. सुट्या स्टँडला ते खरं, पण भिंतीत पक्कं बसवलेलं कपाट कलंडत नाही. फळी वजन पेलणारी असली म्हणजे झालं. तळाला रिसीव्हर ठेवला तर त्याची गरम हवा वर जाताना कन्सोल, हार्ड डिस्क, राउटर सगळ्यांना शेकून जाते. वर ठेवला तर ती सरळ बाहेरच्या वाटेला लागते. हार्ड डिस्क नेहमी खाली. अ‍ॅडॅप्टरांनी भरलेली पॉवर पट्टीसुद्धा खाली. ते काळे ठोकळे दिसतात गरीब, पण पाच-सहा मिळून चांगली ऊब देतात.

या तीन तपासण्यांत पैसा गेला नाही, आणि बरीच कपाटं इथेच सुधारतात.

४. मागची धूळ, मागच्या वायरी

आता सगळं बंद करून प्लग काढा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. मऊ ब्रश आणि व्हॅक्यूम क्लीनरने जाळ्या साफ करा. यंत्रात पंखा असेल तर हवा मारताना त्याचं पातं काडीने अडवून ठेवा, नाहीतर ते गरगर फिरून बेअरिंग खराब होतं. रिसीव्हरचं झाकण उघडू नका. आतले मोठे कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे भाग, प्लग काढल्यानंतरही काही काळ भारलेले असतात आणि त्यांचा झटका गमतीचा नसतो.

मागे गेलोच आहोत तर दोन गोष्टी बघून घ्यायच्या. एक, वायरींचा गुंता. पंधरा-वीस केबली फळीच्या मागच्या बाजूला पडद्यासारख्या लोंबत असतात आणि नेमकी तीच गरम हवा वर जायची वाट असते. त्या दोन्ही कडांना सारून वेल्क्रोने बांधा, मधला भाग मोकळा. वीजपुरवठ्याच्या वायरी एका बाजूला आणि सिग्नलच्या दुसऱ्या बाजूला गेल्या तर आणखी बरं, गुणगुण यायची शक्यता कमी होते.

दोन, स्पीकरच्या वायरी. प्रत्येक टर्मिनलजवळ, म्हणजे वायर जोडायच्या जागेजवळ, टॉर्च मारून बघा. तांब्याचा एखादा केसाएवढा तंतू शेजारच्या टर्मिनलला टेकलेला असेल तर रिसीव्हर स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. लक्षण तेच, कारण अगदी वेगळं. तसंच स्पीकरच्या मागे लिहिलेला ओहमचा, म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचा, आकडा पाहा. रिसीव्हर किमान ६ ओहम मागत असेल आणि स्पीकर ४ ओहमचे असतील, तर तो उघड्यावरही जास्त तापणार. कपाटाने फक्त ते उघडकीला आणलं असं समजा.

५. दोन थर्मामीटर

इथून पुढे अंदाजाने चालू नका. लांब वायरीला टोकाशी संवेदक असलेले दोन साधे डिजिटल थर्मामीटर घ्या. एक कपाटाबाहेर, खालच्या बाजूला. दुसरा आत, रिसीव्हरच्या वर मागच्या कोपऱ्यात, पण झाकणाला न टेकता. दार बंद करून सिनेमा लावा आणि दर पंधरा मिनिटांनी दोन्ही आकडे लिहा.

पुस्तिकेत लिहिलेलं असतं की यंत्र ३५ किंवा ४० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात वापरावं. लोक खोलीतलं तापमान बघतात आणि म्हणतात, आमच्याकडे तर २८ आहे. पण रिसीव्हर खोलीत राहत नाही, कपाटात राहतो. खोलीत २८ आणि कपाटात ४६ असेल तर त्याच्या लेखी ४६ आहे, आणि त्याच्या आतले भाग त्याहून कितीतरी वर.

मी फरक बघतो. आत-बाहेर आठ अंशांपर्यंत फरक असेल तर निर्धास्त. आठ ते पंधरा असेल तर बंद पडणार नाही कदाचित, पण आयुष्य खर्ची पडतंय. पॉवर सप्लायमधल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर १० अंश वाढीला साधारण निम्म्यावर येतं. पंधराच्या वर गेला तर काहीतरी करायलाच हवं.

किती हवा हवी याचा हिशेब सोपा आहे. प्लगमध्ये लावायचा वॅटमीटर मिळतो, त्यावर सगळी यंत्रं मिळून किती वॅट घेतात ते बघा. घरगुती आवाजात स्पीकरकडे त्यातला अगदी थोडा वाटा जातो; बाकी जवळजवळ सगळी वीज उष्णता होऊन कपाटातच राहते. समजा रिसीव्हर, कन्सोल, बाकी डबड्या मिळून २५० वॅट झाले. म्हणजे जुने पिवळे १०० वॅटचे अडीच बल्ब बंद कपाटात लावून ठेवले. आता वॅटला ३ ने गुणा आणि चालेल त्या अंशांच्या फरकाने भागा. २५० गुणिले ३, भागिले ८, म्हणजे सुमारे ९४. तासाला तितके घनमीटर हवा कपाटातून जायला हवी. पंख्याच्या खोक्यावर आकडा सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा यात, असेल तर १.७ ने भागा, ५५ येतात.

६. हवेला दोन दारं लागतात

माझं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर एवढंच: एका भोकाने हवा खेळत नाही. किती तरी कपाटांत मागच्या बाजूला ‘व्हेंटिलेशनसाठी’ म्हणून एक गोल भोक पाडलेलं असतं, त्यातून सगळ्या वायरी कोंबलेल्या असतात, आणि मालक छातीठोकपणे सांगतो की हवेची सोय केलेली आहे. बाटली उपडी केली की पाणी कसं डचमळत, अडखळत पडतं ते आठवा. आत यायची वाट वेगळी आणि बाहेर जायची वेगळी हवी. थंड हवा तळाशी आत, गरम हवा माथ्याशी बाहेर. धुराड्यासारखं.

पंख्याविना हे काम होईल का? थोडं होतं. पण एक मीटर उंचीच्या कपाटात आतली हवा दहा अंशांनी गरम असेल तर तिला वर ढकलणारा दाब अर्धा पास्कलसुद्धा नसतो. समोर एखादी धुळीची गाळणी आली तरी तो दम तोडतो. साधा संथ पंखासुद्धा १० पास्कलच्या आसपास दाब देतो. त्यामुळे १०० वॅटच्या आत असाल तर नुसत्या झरोक्यांवर भागू शकतं. त्यापुढे पंखा लागतोच.

झरोका किती मोठा हवा? १२० मिलिमीटरच्या पंख्याचं तोंड सुमारे ११३ चौरस सेंटीमीटरचं. हवा आत येण्याची मोकळी जागा दर पंख्यामागे किमान तेवढी हवी. शोभेच्या जाळीत निम्मीच जागा खरोखर मोकळी असते, म्हणून जाळीचा आकार दुप्पट धरा. ४५ सेंटीमीटर लांब आणि ५ उंच अशी एक पट्टी, दाराच्या खाली पायथ्याच्या फळीत, म्हणजे २२५ चौरस सेंटीमीटर. एका पंख्याला पुरते, दिसतही नाही.

हवा खरंच फिरतेय का हे बघायला टिश्यू पेपरची अंगठ्याएवढी पट्टी फाडा. दार लावून ती खालच्या झरोक्यासमोर धरा. आत ओढली गेली पाहिजे. वरच्या झरोक्यासमोर बाहेर ढकलली गेली पाहिजे. वर जोरात फडफडते आणि खाली ढिम्म हलत नाही, असं झालं तर पंखा दाराच्या वरच्या फटीतून हवा ओढून तीच बाहेर टाकतोय. रिसीव्हरपर्यंत काहीच पोचत नाही. दाराच्या वरच्या अर्ध्या भागात कडेने फोमची पट्टी चिकटवा, म्हणजे हवेला खालूनच यावं लागेल. दहा मिनिटांचं काम, आणि मी एकदा यावर अख्खी दुपार घालवलीय.

७. पंखा आणि माझा मूर्खपणा

माझ्या पहिल्या कपाटात मी मागच्या फळीला एक सुंदर पंखा बसवला. रबरी पाय, हलका आवाज, तापमानानुसार आपोआप चालू-बंद. पंखा गुणगुणायचा आणि मी खूश. रिसीव्हर मात्र पूर्वीसारखाच बंद पडायचा. तीन आठवडे मी पंख्याचा वेग वाढवत होतो. शेवटी फळी काढली तेव्हा दिसलं की पंख्यामागे भिंतीची बंदिस्त पोकळी होती: नऊ सेंटीमीटर खोल, वरून-खालून लाकडाने बंद. पंखा गरम हवा त्या पोकळीत ढकलत होता आणि ती वायरींच्या भोकातून परत कपाटात येत होती. पंख्याचं काम चोख, पण हवा जाणार कुठे?

म्हणून पंखा घेण्याआधी ठरवा की हवा कुठे सोडायची. माझी पहिली पसंती त्याच खोलीत, कपाटाच्या माथ्यावरून. घेतलेली हवा तिथेच परत जाते, त्यामुळे कुठे कोंडत नाही. मागची खोली किंवा जिन्याखालची मोठी मोकळी जागा चालते, पण तिथून हवा परत यायला वाट हवी, दाराखालची फट तरी. भिंतीच्या पोकळीत कधीच नाही. तिथे इन्सुलेशनची लोकर भरलेली असेल तर उष्णता आणखीच अडते, आणि लोकरीचे तंतू कपाटात येतात ते वेगळंच.

पंखा मोठा आणि संथ घ्या, १२० किंवा १४० मिलिमीटरचा. लहान पंखा तेवढीच हवा द्यायला दुप्पट वेगाने ओरडतो, आणि शांत प्रसंगात तो आवाज डोक्यात जातो. खोक्यावरचा हवेचा आकडा मोकळ्या हवेतला असतो, जाळी आणि गाळणी आल्यावर निम्मा धरा. म्हणजे वरच्या ९४ घनमीटरसाठी तसं लिहिलेले दोन पंखे. स्क्रूऐवजी रबरी खुंट्या वापरा, नाहीतर कपाटाची पोकळ फळी तबल्यासारखी घुमते.

बसवण्याआधी दिशा तपासा. पंख्याच्या कडेवर बाण कोरलेला असतो. नसला तर ज्या बाजूला आडव्या काड्यांचा आधार दिसतो त्या बाजूने हवा बाहेर पडते. उलटा बसलेला पंखा मी दोनदा काढलाय. तो वरून गार हवा आत ढकलतो आणि गरम हवेला वर येऊ देत नाही. दोघांची कुस्ती.

वीज कुठून द्यायची? रिसीव्हरच्या मागे १२ व्होल्टचं ट्रिगर आउटपुट, म्हणजे तो चालू झाला की दुसऱ्या यंत्राला इशारा देणारी जोडणी, असतं आणि पंखाही १२ व्होल्टचा, तेव्हा मोह होतो. पण त्या आउटपुटमधून बऱ्याच रिसीव्हरवर १०० ते १५० मिलिअँपिअर एवढाच प्रवाह मिळतो. दोन पंख्यांना तो पुरत नाही, आणि जास्त ओढला तर आउटपुट जळतं. ट्रिगरने रिले, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर चालणारा स्विच, चालवा, पंख्याला स्वतंत्र १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर. टीव्हीच्या यूएसबीतून ५ व्होल्ट द्यायचे असतील तर पंखा ५ व्होल्टचाच घ्या. १२ व्होल्टचा पंखा ५ वर कधी सुरू होतो, कधी नुसता थरथरतो. थर्मोस्टॅट लावलात तर त्याचा संवेदक रिसीव्हरच्या वर ठेवा, पंख्याच्या झोतात नाही. खोली गार होती म्हणून पंखा उशिरा चालू झाला, असं होऊ नये.

८. करवतीची कामं

इथवर येऊनही फरक पंधरा अंशांच्या वर असेल तर कपाटाची खोली आखडती असते. विटांची नऊ इंची भिंत म्हणजे सुमारे २३ सेंटीमीटर. रिसीव्हर ३३ ते ४० सेंटीमीटर खोल, त्यामागे प्लग आणि वळलेल्या केबलींना आणखी ८ ते १०. हे गणित भिंतीच्या जाडीत बसूच शकत नाही. कपाट मागच्या खोलीत किंवा पुढे यावंच लागतं. ते टाळायला कपाट कमी खोल केलं जातं, रिसीव्हर मागच्या फळीला चिकटतो, आणि हवा वर जायची मागची वाट संपते.

पूर्ण कपाट मोडायची गरज बहुधा नसते. प्रत्येक फळी मागून ५ ते ७ सेंटीमीटर कापली की मागे तळापासून माथ्यापर्यंत एक उभं धुराडं तयार होतं. माझ्या अनुभवात सगळ्यात मोठा फरक या एका कापाने पडतो. फळ्या काचेच्या असतील तर मात्र कापायला जाऊ नका. टफन केलेली काच कापता येत नाही, तिचा चुरा होतो. ती बदलायची किंवा पुढे सरकवायची.

दुसरा उपाय दाराचा. मधला लाकडी भाग काढून तिथे स्पीकरवर लावतात तसलं विरळ कापड ताणून बसवा, किंवा झिलमिलीचं दार करा. कापडातून बहुधा रिमोटही चालतो, आधी तुकडा समोर धरून बघा. लाकडी दारच हवं असेल तर इन्फ्रारेड रिपीटर लावा. त्याचा छोटा डोळा बाहेर राहतो, मग दार किलकिलं ठेवायचं कारण उरत नाही. पण क्रम पाळा: हवेची सोय आधी, रिपीटर नंतर. उलट केलंत तर दार आता कायमचं बंद राहील आणि बिघाड रोजचा होईल.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

प्लग किंवा सॉकेट हाताला गरम लागत असेल, तपकिरी डाग असेल, जळक्या प्लास्टिकचा वास येत असेल किंवा ब्रेकर पडत असेल, तर मुख्य स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. पुन्हा चालू करून ‘बघू’ नका. कपाटासाठी एक्स्टेंशनची लवचीक वायर भिंतीच्या आतून नेलेली आढळली तरी तेच. अशी वायर भिंतीत पुरायला अनेक देशांच्या विद्युत नियमांत मनाई आहे, आणि कारण साधं आहे: ती आत तापली तर कोणाला दिसत नाही. तिथे पक्का सॉकेट बसवून घ्यावा लागतो, ते घरगुती काम नाही.

रिसीव्हर उघड्या टेबलावर, सगळ्या स्पीकर वायरी काढून, नुसता चालू ठेवल्यावरही बंद पडला तर तो खरोखर बिघडलाय. सेवा केंद्रात द्या, आणि सोबत तुम्ही लिहिलेली मिनिटं आणि तापमानं द्या. त्यांचे दोन दिवस वाचतात.

कोनाडा मोठा करायला भिंत फोडायची असेल तर ती भार पेलणारी आहे का, हे बांधकाम अभियंत्याने सांगितल्याशिवाय छिन्नी लावू नका. वर तुळई दिसली नाही म्हणून भिंत निव्वळ आडोशाची ठरत नाही. दोन घरांमधली किंवा गॅरेजला लागून असलेली भिंत आग अडवण्यासाठी बांधलेली असू शकते. तिला झरोका पाडला की ते संरक्षण गेलं. जुन्या इमारतीत पत्र्यासारखे राखाडी तंतुमय तक्ते आढळले तर कापणं, खरवडणं, झाडणं सगळं थांबवा. ते अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं आणि त्याची धूळ फुप्फुसात जाणं घातक असतं. कोनाड्याच्या मागे ओल दिसली तर आधी प्लंबर. ओल्या भिंतीत गरम हवा सोडण्यावर मी एक शब्दही लिहिणार नाही.

झालं की नाही, कसं कळेल

दार बंद करून पूर्ण दोन तास चालवा आणि आकडे लिहा. अर्ध्या तासाचा निकाल खोटा असतो, कारण विटांची भिंत सुरुवातीला बरीच उष्णता पोटात घेते आणि सगळं छान चाललंय असं भासवते. तासाभरानंतर आतला आकडा सपाट झाला तर काम झालं. दुसऱ्या तासातही तो रांगत वर जात असेल तर कुठेतरी वाट अजून तुंबलेली आहे; पुन्हा टिश्यू पेपर घेऊन सहाव्या तपासणीवर जा.

आतला थर्मामीटर काढू नका, तिथेच राहू द्या. काही महिन्यांनी आत-बाहेरचा फरक पूर्वीपेक्षा तीन अंशांनी वाढलेला दिसेल. तेव्हा खालच्या झरोक्याला धुळीची गाळणी लावली असेल तर ती काढून धुवा आणि पूर्ण वाळली की परत बसवा.